नव्वद व्होल्टचा दिवा

घरात हातोडी नसेल, पान्हा नसेल, पण टेस्टर असतो. चमच्यांच्या खणात, फ्रिजवरच्या टोपलीत, मीटरच्या पेटीत, कुठेतरी असतोच. पारदर्शक दांडा, पुढे स्क्रूड्रायव्हरसारखं पातं, मागे धातूची टोपी. पातं सॉकेटच्या भोकात घालायचं, टोपीवर बोट ठेवायचं आणि दांड्याच्या आत नारिंगी उजेड दिसला की म्हणायचं, "फेज आहे."

त्या दांड्यात शेंगदाण्याएवढी एक काचेची कुपी असते. आत धातूच्या दोन काड्या, एकमेकींपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरावर, आणि त्यांच्याभोवती थोडासा निऑन वायू. फिलामेंट नाही, जळण्यासारखं काही नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेल्या माणसाला हा दिवा कधी ना कधी भुरळ घालतोच. मलाही घातली, आणि मग तो कुठून आला हे शोधत गेलो तर वाट भलतीकडेच गेली. लंडन, पॅरिस, न्यू जर्सी, आणि मध्येच, अगदी अनपेक्षितपणे, मुंबईचे जमशेटजी टाटा.

सुरुवात १८९८ ची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅमसे आणि त्यांचा तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स हवा थंड करकरून तिचा द्रव करत होते आणि मग तो द्रव हळूहळू उकळवून एकेक वायू वेगळा काढत होते. चार वर्षांपूर्वी रॅमसे आणि लॉर्ड रॅले यांनी हवेत आर्गॉन सापडल्याचं जाहीर केलं होतं. तो एकटाच असेल असं रॅमसेंना वाटत नव्हतं. त्या एका वर्षात त्यांना क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन असे तीन वायू मिळाले. नवा वायू ओळखायची पद्धत अशी, की तो काचेच्या नळीत भरायचा, वीज सोडायची आणि उजेडाचा वर्णपट पाहायचा. निऑनच्या वेळी वर्णपट पाहायची गरजच उरली नाही. नळी लालभडक पेटली. ट्रॅव्हर्सने पुढे लिहून ठेवलंय की आधी तो प्रकाश पाहण्यातच सगळे हरवून गेले. रॅमसेंच्या तेरा वर्षांच्या मुलाने लॅटिनमधला 'नवा' या अर्थाचा शब्द सुचवला, वडिलांनी त्याचं ग्रीक रूप घेतलं आणि निऑन हे नाव पडलं. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू जेमतेम १८ भाग असतो.

त्याच सुमारास जमशेटजी टाटा हिंदुस्थानात विज्ञानाची मोठी संस्था काढायच्या खटपटीत होते. जागा कुठली, विषय कुठले, खर्च किती, यावर सल्ला द्यायला रॅमसेंना बोलावलं गेलं. १९००-०१ च्या हिवाळ्यात ते इथे येऊन फिरून गेले आणि त्यांनी बंगलोरच्या बाजूने कौल दिला. टाटा १९०४ मध्ये गेले, त्याच वर्षी रॅमसेंना नोबेल मिळालं. संस्था उभी राहायला १९०९ उजाडलं. आणि तिचा पहिला संचालक कोण? मॉरिस ट्रॅव्हर्स. म्हणजे निऑन शोधणाऱ्या दोघांपैकी एकाने बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची जागा सुचवली आणि दुसऱ्याने ती संस्था सुरू करून दिली. टेस्टर हातात घेताना हे आठवण्याचं काही कारण नाही, पण मला आठवतं खरं.

निऑनचा शोध लागला तरी त्याचं करायचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. फार महाग, फार थोडा. ही अडचण पॅरिसच्या जॉर्ज क्लोदने सोडवली, तीही जवळजवळ योगायोगाने. त्याची एअर लिक्विड ही कंपनी हवेचा द्रव करून ऑक्सिजन विकायची आणि त्या धंद्यात निऑन उपउत्पादन म्हणून साठत जायचा. १९१० च्या डिसेंबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याने निऑनच्या लांब नळ्या पेटवून दाखवल्या. पुढचा इतिहास आपण सिनेमांत पाहिलेला आहे: हॉटेलं, बार, पावसात भिजलेला रस्ता आणि त्यावर लाल अक्षरं. (त्या पाट्यांतल्या निळ्या-हिरव्या अक्षरांत बहुतेकदा निऑन नसतोच, आर्गॉन आणि पारा असतो. नाव मात्र निऑनचं.) क्लोदची अखेर चांगली झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात तो नाझींशी सहकार्य करणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला आणि १९४५ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

पण टेस्टरमधला दिवा क्लोदचा नाही. तो डॅनियल मॅकफार्लन मूरचा आहे आणि या माणसाचं नाव फारसं कुणी घेत नाही.

मूर १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनच्या कंपनीत नोकरीला होता. एडिसनचा बल्ब तेव्हा जगभर गाजत होता आणि हा पोरगा म्हणायचा, की तो दिवा फार छोटा, फार गरम आणि फार लाल आहे. खुद्द एडिसनलाच त्याने हे ऐकवलं अशी गोष्ट सांगितली जाते. १८९४ मध्ये नोकरी सोडून त्याने स्वतःचा उद्योग मांडला: काचेच्या लांबलचक नळ्या, आत नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड, आणि दिवसासारखा उजेड. १९०४ मध्ये नेवार्कमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात पहिली विकत घेतलेली मूर नळी लागली. उजेड खरंच चांगला होता. पण नळी जागेवरच जोडावी लागायची, व्होल्टेज प्रचंड लागायचं, आणि आतला वायू हळूहळू कमी होत जायचा, म्हणून तो पुन्हा सोडणारा एक व्हॉल्व्ह बसवावा लागायचा. एवढ्या लटांबराशी स्पर्धा करायला टंगस्टनचा बल्ब आला, आणि त्या बल्बला फक्त होल्डर लागत होता. १९१२ मध्ये मूरचा धंदा आणि पेटंटं जनरल इलेक्ट्रिकने विकत घेतली. एडिसनच्या घरातून रागाने निघालेला माणूस अठरा वर्षांनी त्याच घराण्याच्या कंपनीत पुन्हा नोकरीला लागला.

तिथे १९१७ मध्ये त्याने हा छोटा दिवा केला. लांब नळीत उजेड नळीभर पसरतो. मूरने दोन्ही काड्या इतक्या जवळ आणल्या, की पसरायला जागाच उरली नाही. उजेड ऋण काडीला सायीसारखा चिकटून राहिला. खोली उजळण्याच्या दृष्टीने हा दिवा निव्वळ निरुपयोगी. आयुष्यभर एडिसनच्या बल्बवर मात करायला निघालेल्या माणसाचा सर्वांत टिकलेला शोध म्हणजे ज्याच्या उजेडात पेपरही वाचता येत नाही असा दिवा. मला हे दुःखद वाटत नाही. उजेड देणं आणि 'वीज आहे' हे सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाला स्वतंत्र दिवा लागतो हे कुणाला तरी आधी समजावं लागतं.

दुःखद आहे ते पुढचं. १९३६ च्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंज इथे मूरच्या घरासमोर त्याला गोळी घालून मारलं गेलं. मारणारा एक बेकार संशोधक होता. आपण लावलेल्या शोधाचं पेटंट मूरला आधीच मिळालंय हे त्याला कळलं होतं.

आता हा दिवा पेटतो कसा, ते पाहू. कारण त्याची सगळी गंमत तिथेच आहे. निऑन वायू तसा विजेला वाट देत नाही. काड्यांमधलं व्होल्टेज वाढवत गेलात तर बराच वेळ काहीच होत नाही. साधारण नव्वद व्होल्टपाशी मात्र आतला एखादा भटका इलेक्ट्रॉन इतका जोरात धावतो, की वाटेतल्या अणूला धडकून आणखी एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. एकाचे दोन, दोनाचे चार. क्षणार्धात वायू वाहक होतो आणि धडका खाल्लेले अणू शांत होताना नारिंगी उजेड सोडतात. एकदा पेटल्यावर पेटतं राहायला नव्वद लागत नाहीत, साठच्या आसपास पुरतात. त्याखाली गेलं की विझतो. आणि पेटल्यावर करंट आवरायला सोबत रेझिस्टर हवाच, नाहीतर कुपीचं आयुष्य सेकंदात संपतं.

पेटायला नव्वद, विझायला साठ. या तीस व्होल्टच्या फरकावर चाळीस-पन्नास वर्षांचं हौशी इलेक्ट्रॉनिक्स उभं राहिलं.

वासुदेवाचा पेला आठवतोय? पितळेचा पेला, मध्ये वासुदेव, त्याच्या हातात बाळकृष्ण. पाणी ओतत जायचं. कृष्णाच्या पायाला पाणी लागलं की यमुना ओसरते, पेला खालून आपोआप रिकामा होतो. शाळेच्या प्रदर्शनात हा प्रयोग हटकून असायचा. आता कल्पना करा की वर नळ बारीक सुरूच आहे. पेला भरेल, ओसरेल, पुन्हा भरेल, पुन्हा ओसरेल, कुणी हात न लावता. निऑनचा दिवा म्हणजे तो वासुदेव. कॅपॅसिटर म्हणजे पेला, रेझिस्टर म्हणजे नळ. कॅपॅसिटर नव्वद व्होल्टपर्यंत भरला की दिवा पेटतो, पेटला की कॅपॅसिटर साठपर्यंत रिता होतो, दिवा विझतो, पुन्हा भरणं सुरू. पिअर्सन आणि ॲन्सन या दोघांनी १९२१ च्या सुमारास लंडनमध्ये हे मांडलं आणि आजही त्याला त्यांचंच नाव आहे.

आकडे घालून पाहा. १२० व्होल्टचा पुरवठा, एक मेगाओहमचा रेझिस्टर, एक मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर: दिवा साधारण ०.७ सेकंदाने एकदा लुकलुकतो. कॅपॅसिटर हजारपट लहान घ्या, तो सेकंदाला चौदाशे वेळा लुकलुकतो. डोळ्याला तो स्थिर दिसेल, पण ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जोडला तर तो सूर होतो. बर्लिनमध्ये १९३० साली फ्रीड्रिख ट्राउटवाइनने याच तत्त्वावर ट्राउटोनियम नावाचं वाद्य केलं. पट्टीवर बोट सरकवलं की सूर सरकतो, आपल्या मींडेसारखा. पॉल हिंडेमिटने त्याच्यासाठी रचना केल्या. हिचकॉकच्या १९६३ च्या 'द बर्ड्स' मधले पक्ष्यांचे अंगावर येणारे आवाज याच घराण्यातल्या पुढच्या वाद्यावर ऑस्कर सालाने काढले. तोवर निऑनची जागा दुसऱ्या नळ्यांनी घेतली होती, पण मूळ तेच.

दुसरी करामत वेगाची. साधा बल्ब तापायला आणि निवायला वेळ घेतो, निऑन मात्र करंटच्या प्रत्येक चढउताराला लगेच उत्तर देतो. म्हणून जॉन लोगी बेअर्डच्या सुरुवातीच्या टेलिव्हिजनमध्ये पडदा म्हणजे निऑनचा एक सपाट दिवा होता. त्याच्यासमोर भोकं पाडलेली तबकडी फिरायची. सेकंदाला साडेबारा चित्रं, प्रत्येक चित्र फक्त तीस रेषांचं, रंग एकच, नारिंगी. तुमच्या फोनच्या पडद्यावर हजारो रेषा आहेत. तरी १९३० साली लंडनच्या घरात बसून त्या नारिंगी चौकोनात कुणाचा तरी ओठ हलताना पाहणाऱ्याला काय वाटलं असेल याचा मला हेवाच वाटतो.

आणि तिसरी गोष्ट निव्वळ दिखाव्याची, पण माझी आवडती. १९४६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात एनियाक हा अगडबंब संगणक पत्रकारांना दाखवायचा होता. त्याच्या आत काय चाललंय ते दाखवायला छोटे निऑन दिवे होते, पण ते इतके मिणमिणते, की छायाचित्रात येईनात. मग इंजिनिअरांनी पिंगपाँगचे चेंडू अर्धे कापले आणि दिव्यांवर टोप्या घातल्या. जुन्या सिनेमांतला संगणक म्हणजे लुकलुकणाऱ्या दिव्यांची भिंत, हे चित्र रुजलं त्यात या अर्ध्या चेंडूंचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत हौशी मंडळींना हा दिवा म्हणजे काही पैशांत मिळणारा खजिना होता. घरोघरी व्हॉल्व्हचे रेडिओ. त्यातल्या पोर्टेबल रेडिओंसाठी नव्वद व्होल्टची बॅटरी दुकानात सहज मिळायची. अशी एक बॅटरी, आठ-दहा निऑन, तेवढेच रेझिस्टर आणि कॅपॅसिटर डब्यात भरले की 'काहीही न करणारा डबा' तयार. प्रत्येक दिवा आपल्या गतीने लुकलुकणार, कुठलाच क्रम नाही, कुठलाच उपयोग नाही. टेबलावर ठेवायचा आणि पाहुण्याने विचारलं की गंभीर चेहऱ्याने 'संगणक आहे' म्हणून सांगायचं. शिवाय निऑन पेटल्यावर त्याच्या टोकांमधलं व्होल्टेज फारसं हलत नाही, म्हणून तो व्होल्टेज स्थिर ठेवायला वापरता येतो. दिवे साखळीत जोडले तर एकामागून एक पेटत जातात, म्हणजे मोजणी करता येते. बॅटरीवर फक्त ऋण काडी उजळते, म्हणून कुठली वायर धन आणि कुठली ऋण तेही कळतं. जनरल इलेक्ट्रिकने या दिव्यांच्या सर्किटांचं आख्खं पुस्तक काढलं होतं.

मग हे सगळं बंद का पडलं? लोक म्हणतात एलईडी आला. मला ते अर्धसत्य वाटतं. खरा घाव ट्रान्झिस्टरचा. व्हॉल्व्हच्या सर्किटात शंभर-दोनशे व्होल्ट घरचेच असायचे, निऑनला वेगळं काही द्यावं लागत नव्हतं. ट्रान्झिस्टर सहा-नऊ व्होल्टवर चालू लागले आणि नव्वद मागणारा दिवा नाकापेक्षा मोती जड झाला. १९६२ मध्ये निक होलोनॅकने डोळ्याला दिसणारा लाल एलईडी केला, तो दोन व्होल्टच्या आत-बाहेर पेटतो. रिकामी झालेली जागा त्याने घेतली. होलोनॅक नोकरी कुठे करत होता? जनरल इलेक्ट्रिकमध्ये.

आपल्याकडे निऑन भेटला तो लुकलुकणाऱ्या डब्यांतून नाही, भिंतीवरून. स्विचबोर्डवरचा लाल इंडिकेटर, गिझरचा, इस्त्रीचा, स्टॅबिलायझरचा. लग्नातल्या फोटोग्राफरच्या फ्लॅशगनमागे पेटणारा नारिंगी ठिपकाही निऑनच. बारीक शिट्टी वाजत कॅपॅसिटर भरायचा आणि पुरेसा भरला की ठिपका उजळायचा, म्हणजे 'आता बघा इकडे'. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मला हे दिवे सुटे मिळाले, रेझिस्टर आधीच डाखलेले. प्रयोगासाठी मी नऊ व्होल्टच्या तेरा बॅटऱ्या एकमेकींच्या तोंडात तोंड घालून माळ केली. लुकलुकणारा दिवा मेन्सवर कधीही करू नका, आणि ही माळही खेळणं नाही, सव्वाशेच्या घरातले व्होल्ट चांगला झटका देतात. एक हात खिशात ठेवून काम करायची जुनी सवय इथे उपयोगी पडते.

आता टेस्टरकडे येतो, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. एलईडी आला, डिजिटल मीटर आले, तरी टेस्टरमध्ये निऑनच का? कारण त्याला बॅटरी लागत नाही आणि अगदी सूक्ष्म करंटवर तो पेटतो. पात्यातून येणारी वीज आधी साधारण मेगाओहमच्या रेझिस्टरमधून जाते, मग निऑनमधून, मग टोपीवरच्या बोटातून तुमच्यात. सर्किटचा शेवटचा भाग तुम्ही असता. तुमचं शरीर आणि जमीन मिळून एक कॅपॅसिटर होतो, म्हणून स्लिपर घालूनही दिवा पेटतो. करंट मिलिॲम्पिअरच्या अंशाएवढा असतो, जाणवतही नाही. म्हणजे रोज लाखो लोक एका बारक्या रेझिस्टरच्या भरवशावर २३० व्होल्टला बोट लावतात. म्हणूनच पाण्यात पडलेला, दांडा तडकलेला, कुणीतरी उघडून परत बंद केलेला टेस्टर फेकून द्यावा. नाशिकच्या तापडियांसारख्या कारखान्यांचे चांगले टेस्टरसुद्धा फार महाग नसतात.

पण त्याहून मोठा धोका दुसरा आहे. टेस्टर पेटला तर व्होल्टेज आहे. टेस्टर पेटला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. दिवा गेलेला असेल. रेझिस्टर तुटला असेल. गच्चीवर भर दुपारच्या उन्हात तो मंद उजेड दिसत नसेल. तुम्ही प्लॅस्टिकच्या स्टुलावर, भिंतीपासून लांब, जाड बूट घालून उभे असाल आणि करंट पुरेसा वाहत नसेल. "टेस्टर लावला होता, लाइट नव्हता" एवढ्या भरवशावर वायर हातात धरणारे वायरमन मी पाहिलेत. जाणता वायरमन काय करतो तेही पाहिलंय. तो आधी चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर पेटवून बघतो, मग ती बंद वायर तपासतो, आणि मग पुन्हा त्या चालू सॉकेटवर. तीनदा. मेन स्विच आधी बंद केलेला असतोच. वीस सेकंदांचं काम.

उलटंही होतं. तुटलेल्या न्यूट्रलवर टेस्टर पेटतो. शेजारून चालू वायर गेलेली असेल तर निर्जीव वायरवरही तो मंद पेटू शकतो. आणि इंडिकेटर असलेल्या स्विचमुळे बंद केलेला एलईडी बल्ब रात्री दर काही सेकंदांनी चमकतो, तेव्हा घरात भूत नसतं. काही स्विचांमध्ये स्विच बंद असतानाही इंडिकेटरमधून किंचित करंट बल्बकडे झिरपत राहतो, बल्बमधला कॅपॅसिटर भरतो, बल्ब क्षणभर पेटतो, पुन्हा भरणं सुरू. वासुदेवाचा पेलाच तो.

जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावरचा इंडिकेटर मात्र वेगळ्या कारणाने फडफडतो. बहुतेक जण त्याला लूज कनेक्शन समजून बोर्ड आपटतात. वर्षानुवर्षं पेटताना काड्यांचा धातू कणाकणाने उडून काचेवर बसतो. जवळून पाहिलंत तर काच आतून काळपट झालेली दिसेल. दिवा पेटायला लागणारं व्होल्टेज चढत जातं. नव्वदचं दीडशे, मग दोनशे, मग आणखी. घरातली वीज दर लाटेच्या माथ्यावर सव्वातीनशे व्होल्टला पोचते. दिवा त्या माथ्याच्या आसपास आला की काही लाटांना पेटतो, काही चुकवतो.